सातव्या फेरीतली मुलं

हॉकी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मैदान येतं, ध्यानचंद येतात. मिशिगनमध्ये हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांना हॉकी म्हणजे रेड विंग्ज. मोटारींच्या धंद्यामुळे नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत मराठी इंजिनिअर येत गेले, त्यांची मुलं शाळेच्या वयात स्केटिंग शिकली आणि हा संघ घराघरात शिरला. आमच्याही घरात शिरला.

एनएचएल या इथल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये दर उन्हाळ्यात ड्राफ्ट होतो. 32 संघ, सात फेऱ्या, सगळी मिळून 224 मुलं निवडतात. त्यातली बहुतेक 18 वर्षांची. पहिली फेरी टीव्हीवर थाटामाटात होते: सूट घातलेली मुलं, डोळे पुसणाऱ्या आया, टोपी घालून काढलेले फोटो. उरलेल्या सहा फेऱ्या दुसऱ्या दिवशी भराभर उरकतात. सातव्या फेरीतला मुलगा बहुधा आपल्या घरीच असतो. माझा जीव या शेवटच्या फेऱ्यांतल्या मुलांवर आहे. माझा भाचा ॲन आर्बरला संख्याशास्त्र शिकतो, त्याला हे पटत नाही. आमचं बोलणं इथे देते आहे. त्याची बाजू कुठे कापलेली नाही, कारण ती कच्ची नाही.

भाचा : मावशी, सातव्या फेरीतल्या मुलांची नावं तू पाठ का करतेस? त्यातली बहुतेक मुलं एनएचएलचा एकही सामना खेळणार नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

मी : ठाऊक आहे. पण मी हा खेळ ज्या संघाकडे बघून शिकले, तो संघ अशाच मुलांनी उभा केला. 1989 चा एकच ड्राफ्ट घे. लिडस्ट्रॉम तिसऱ्या फेरीत, 53 वा. फेदोरोव्ह चौथ्या फेरीत, 74 वा. कॉन्स्टँटिनोव्ह तर अकराव्या फेरीत, 221 वा; तेव्हा फेऱ्या जास्त असत. पुढे 1994 ला होमस्ट्रॉम 257 वा, 1998 ला दात्सुक 171 वा, 1999 ला झेटरबर्ग 210 वा. आता 2008 चा स्टॅनली कप आठव. कप उचलणारा कर्णधार लिडस्ट्रॉम. प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक मिळाला झेटरबर्गला. गोलरक्षकाच्या नाकासमोर ठाण मांडून मार खाणारा होमस्ट्रॉम, आणि प्रतिस्पर्ध्याच्या काठीवरून पक अलगद काढून घेणारा दात्सुक. हे सगळे उशिरा निवडलेले.

भाचा : तू सहा नावं सांगितलीस. त्या सगळ्या वर्षांत डेट्रॉइटनं शेवटच्या फेऱ्यांत आणखी कितीतरी मुलं घेतली. त्यातल्या किती जणांची नावं सांगशील?

मी : फार थोड्यांची.

भाचा : बस, माझं म्हणणं इतकंच आहे. आपण यशस्वी झालेल्यांकडून मागे मोजत जातो. जे आले ते दिसतात. जे आले नाहीत ते आपल्या हिशेबात धरलेच जात नाहीत. आणि दात्सुकची गोष्ट सगळे सांगतात ती अशी की डेट्रॉइटला रत्नपारखी नजर होती. मग त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी इतर मुलं का घेतली? झेटरबर्गच्या वर्षीही तेच. तो एवढा मोठा होणार हे खरंच कळलं असतं, तर 210 व्या क्रमांकापर्यंत कोणी थांबलं असतं का? क्लबच्या दृष्टीनं ही गाजराची पुंगी असते. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. क्लबचं काही जात नाही.

मी : कोणाला कळलं नव्हतं, हे कबूल. पण ती निव्वळ सोडतही नव्हती. त्यामागे हाकन अँडरसन नावाचा माणूस होता, डेट्रॉइटसाठी युरोपात खेळाडू शोधणारा. रशियात तो गेला होता दुसराच मुलगा बघायला, आणि समोरच्या संघातल्या एका लहानखुऱ्या मुलानं त्याचं लक्ष ओढून घेतलं. तो दात्सुक. त्याआधीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी विचारलंही नव्हतं. झेटरबर्गच्या वेळीही असंच, अँडरसन बघायला गेला होता वेगळ्याला. आता तू म्हणशील, योगायोग. मी म्हणते, योगायोग घडायला माणूस त्या गावातल्या त्या रिंकमध्ये बसलेला असावा लागतो. बाकीच्या संघांची माणसं तिथे फारशी जात नसत.

भाचा : आणि आज ती सगळी तिथे असतात. मावशी, हा मुद्दा तुमच्या पिढीचे चाहते सोडूनच देतात. 1989 मध्ये सोव्हिएत खेळाडू निवडणं म्हणजे तो देशाबाहेर येऊ शकेल की नाही यावर पैज लावणं होतं. फेदोरोव्ह 1990 मध्ये अमेरिकेत आलेल्या आपल्या राष्ट्रीय संघातून निसटला, तेव्हा डेट्रॉइटला मिळाला. म्हणजे तो चौथ्या फेरीपर्यंत उरला तो त्याच्या खेळामुळे नाही, त्याच्या पासपोर्टमुळे. कॉन्स्टँटिनोव्हचंही तसंच. 1998 पर्यंत भिंत पडून गेली होती, पण उरल पर्वतापलीकडच्या गावांत सगळ्यांची माणसं जात नव्हती. आज स्वीडनमधल्या वीस वर्षांखालच्या लीगचा प्रत्येक सामना चित्रफितीवर मिळतो. कोणी किती वेळा पक मध्यरेषेपलीकडे नेला तेही मोजलेलं असतं. डेट्रॉइटकडे जी चावी होती ती आता बत्तीस जणांकडे आहे. त्या काळाकडे बघून आजच्या मुलांकडून आशा करायची, हे मला पटत नाही.

मी : यातलं बरंचसं मान्य. पण चित्रफीत दाखवते तो मुलगा आज काय आहे ते. 23 व्या वर्षी तो काय होईल, ते कुठल्या चित्रफितीत असतं? कॉनर हेलेबक आपल्या शेजारचाच, कॉमर्स टाउनशिपचा. इथून गाडीनं जवळ. शाळेच्या संघातून खेळायचा. ड्राफ्टच्या वयाचा झाला तेव्हा त्याला कोणी घेतलं नाही. मग टेक्सासमध्ये ओडेसा नावाच्या तेलाच्या गावात जाऊन तो खेळला. टेक्सासमध्ये, विचार कर. जिथे बर्फ फक्त रिंकमध्ये. 2012 ला विनिपेगनं पाचव्या फेरीत 130 वा घेतला. मग मॅसॅच्युसेट्सला लोवेलच्या कॉलेजात दोन वर्षं. सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक त्यानं 2020, 2024 आणि 2025 असा तीनदा जिंकला, आणि 2025 ला लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच. हा मुलगा रशियात नव्हता, भिंतीआड नव्हता. रेड विंग्जच्या अंगणात होता. तरी कोणाला दिसला नाही, डेट्रॉइटलाही नाही.

भाचा : गोलरक्षक वेगळे. ते उशिराच पिकतात, हे आकडेवाले पण मानतात. लुंडक्विस्ट 205 वा होता, रिने 258 वा. त्यांची आशा मी पण करीन.

मी : मग कप्रिझोव्ह? 2015 ला पाचव्या फेरीत, 135 वा. मिनेसोटानं त्याची पाच वर्षं वाट पाहिली. आला त्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित ठरला.

भाचा : पुन्हा रशिया. पुन्हा पासपोर्ट. तो कधी येईल याची खात्री नव्हती म्हणून उरला. मावशी, तू जेवढी उदाहरणं देतेस तेवढं माझंच म्हणणं पक्कं होतं: शेवटच्या फेऱ्यांतून वर येणाऱ्यांचं काही ना काही ठरावीक कारण असतं. देश लांब, उंची कमी, जागा गोलरक्षकाची. यातलं काहीच नसलेला, कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खेळलेला मुलगा सातव्या फेरीत गेला, तर त्याच्याकडून आशा कशाच्या आधारावर करायची?

मी : एमिट फिनी.

भाचा : (हसून) तू हे नाव काढणार हे मला माहीत होतं.

मी : का काढू नये? अल्बर्टातल्या लेथब्रिजचा मुलगा, कॅमलूप्सकडून खेळला, अगदी तू म्हणतोस तसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. 2023 च्या ड्राफ्टमध्ये 201 वा. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाला तेव्हा वीस वर्षांचा हा मुलगा लार्किन आणि रेमंड या बड्या खेळाडूंच्या जोडीला पहिल्या फळीत उतरला. शिबिरात त्याच्यापेक्षा मोठ्या नावाची मुलं होती. त्यानं ती जागा खेचून घेतली. पहिला माणूस म्हणून कोपऱ्यात शिरायचं, पक सुटला तर उलट्या पावली मागे धावायचं, हे तो दमेपर्यंत करतो. अठराव्या वर्षी त्याच्या अंगात हे बळ नव्हतं, म्हणून ते कोणाला दिसलं नाही.

भाचा : त्या वर्षी डेट्रॉइटनं त्याच्या आधी दहा मुलं निवडली होती. दहा, मावशी. म्हणजे आपल्याच क्लबच्या यादीत तो अकरावा. याला पारख कसं म्हणायचं?

मी : पारख म्हणतच नाही मी! तुला वाटतं मी क्लबच्या हुशारीवर भाळले आहे. मला क्लबच्या हुशारीशी कर्तव्य नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आणि हा सगळा ड्राफ्ट त्या समजुतीवर उभा आहे. अठराव्या वर्षी एक आकडा मुलाच्या नावापुढे लागतो तो कायमचा. 1998 चाच ड्राफ्ट बघ. सातव्या क्रमांकावर मॅनी मल्होत्रा, न्यूयॉर्कनं घेतलेला. वडील भारतीय वंशाचे, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळांनी त्याच्यावर लक्ष ठेवलं. 171 व्या क्रमांकावर दात्सुक. मल्होत्रा 991 सामने खेळला, दात्सुक 953. मल्होत्राचा खेळ होता फेस-ऑफ जिंकण्याचा, आघाडी राखण्याचा, दुसऱ्यांना गोल करू न देण्याचा. डोळ्याला भयंकर इजा झाली, तरी परत उभा राहिला. त्याच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण सातवा म्हणून त्याच्याकडून जन्मभर गोलांची अपेक्षा झाली, आणि दात्सुककडून कोणी कसलीच केली नाही. त्या दोन आकड्यांनी दोघांबद्दल काय खरं सांगितलं?

भाचा : दोन मुलांबद्दल काही नाही सांगितलं. दोनशे मुलांबद्दल पुष्कळ सांगितलं. पहिल्या फेरीतली मुलं सरासरीनं शेवटच्या फेरीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त खेळतात, याबद्दल वादच नाही. आकडा एका मुलाचं भविष्य सांगत नाही हे खरं. पण तू आशा ठेवतेस तीही एकेका मुलावरच ना? आणि त्या आशेचं ओझं कोणावर पडतं? अठरा वर्षांच्या पोरावर. गावातला प्रत्येक जण त्याला विचारणार, कधी जातोस डेट्रॉइटला? लोक त्याला नवा झेटरबर्ग म्हणणार. मग एक दिवस 1 जून येतो.

मी : 1 जूनचं वाचकांना सांग.

भाचा : आत्तापर्यंतचा नियम असा होता, की कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून घेतलेल्या मुलाशी क्लबनं दोन वर्षांत करार करायचा. दुसऱ्या वर्षीच्या 1 जूनपर्यंत झाला नाही, तर हक्क संपला. कोणी जाहीर काही करत नाही. निरोपाचं पत्रक निघत नाही. यादीत काल नाव होतं, आज नाही. मी असाच एक मुलगा दोन वर्षं आकड्यांतून बघत होतो, बचावपटू. सांघिक खेळ चांगला, बर्फावरची मिनिटं वाढत चालली होती. 1 जून उलटला आणि तो गेला. त्याच संध्याकाळी चाहते पुढच्या ड्राफ्टमध्ये कोणाला घ्यावं यावर बोलत होते. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, तेच. मला त्या दिवशी या आशेचा राग आला. ती मुलावर नसते मावशी, ती आपल्या करमणुकीवर असते. आणि क्लबच्या फायद्याची असते ती वेगळीच. 1991 पासून 2016 पर्यंत सलग 25 मोसम हा संघ प्लेऑफमध्ये होता. त्यानंतर 2025 पर्यंत सलग नऊ मोसम बाहेर. 2019 ला संघाचे जुने खेळाडू आयझरमन परत आले व्यवस्थापक म्हणून, तेव्हापासून ऐकतोय: मुलं तयार होताहेत, धीर धरा. शेवटच्या फेरीतल्या मुलांची नावं दाखवून चाहत्यांना गप्प बसवता येतं.

मी : हे तू बरोबर बोललास, आणि तुझा राग माझाही आहे. व्यवस्थापनाला जाब विचारायचा तो विचारलाच पाहिजे, त्यांनी या मुलांच्या आड लपू नये. पण तू म्हणतोस ती आशा आणि माझी आशा एक नाही. मी सप्टेंबरमध्ये ट्रॅव्हर्स सिटीला जाते, नवोदितांचे सामने आणि सराव बघायला. कधी गणपतीचे दिवस त्यातच येतात, तेव्हा विसर्जन उरकून निघते. छोटा रिंक. काचेवर पकचे काळे ओरखडे. आपल्यापासून दोन हातांवर मुलं स्केटिंग करतात, ब्लेडचा करकर आवाज येतो. एकदा एक उंच पोरगा होता, शर्टावर ऐंशीच्या घरातला क्रमांक. सराव असा होता की उलटं स्केटिंग करत यायचं, शिट्टी वाजली की डावीकडे वळून पुढे पळायचं. उजवीकडे वळायला काही नाही, पण डावीकडे वळताना त्याची आतली धार निसटायची. पडला. उठून रांगेच्या शेवटी गेला. पुन्हा तेच. मग रांगेत उभं असतानाच जागच्या जागी तो पाय घासून बघू लागला, घोटा जरा आत, जरा बाहेर. सराव संपला, बाकीचे आत गेले. हा राहिला. एक प्रशिक्षकही थांबले, बोलले नाहीत फार, काठीनं बर्फावर एक कमान काढून दाखवली. तो त्या कमानीवरून फिरत राहिला.

भाचा : पुढे झालं काय त्याचं?

मी : एनएचएलमध्ये आला नाही. तू हसू नकोस, मी हे उदाहरण मुद्दाम देते आहे. मला त्या मुलाकडून झेटरबर्ग नको होता. मला हवं होतं ते एवढंच, की त्या घोट्याला हवा तेवढा वेळ मिळावा. जुने रेड विंग्ज मुलांना वर आणायची घाई करत नसत. ग्रँड रॅपिड्सला, आपल्या धाकट्या संघात, फळ जरा जास्तच पिकू द्यायचे. नीक्विस्ट चौथ्या फेरीतला, 121 वा. आधी मेन राज्यात कॉलेज, मग ग्रँड रॅपिड्स, मग डेट्रॉइट. 2013 ला त्या धाकट्या संघानं आपल्या लीगचा काल्डर कप जिंकला. तिथे जाऊन बघ, तिकीट स्वस्त, पोरं पोटतिडकीनं खेळतात. माझी आशा आहे ती वेळेची. निकाल लांबणीवर टाकण्याची.

भाचा : मग तुझी आशा नियमांकडून पाहिजे, मुलाकडून नाही.

मी : दोन्हीकडून. आणि नियम हलताहेत. ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला पूर्वी अमेरिकन कॉलेजचं दार बंद असे, कारण ती लीग व्यावसायिक धरली जायची. 2025 च्या ऑगस्टपासून ते दार उघडलं. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा, अजून अंग भरलेलं नसलेला मुलगा आता कॉलेजात जाऊन आणखी काही वर्षं खेळू शकतो, आणि शिकूही शकतो. तुझ्या त्या बचावपटूला हे मिळालं असतं तर?

भाचा : कदाचित गेला असता. (थोडं थांबून) शिकला असता, हे नक्की. हे मला महत्त्वाचं वाटतं. पण मावशी, एका गोष्टीवर मी ठाम आहे. चाहत्यांनी आशा ठेवायची तर हिशेब पुरा ठेवावा. फिनीचं नाव घ्यायचं, तर त्याच्या आधीच्या दहांचंही घ्यायचं. मी एक वही करणार आहे. यंदा डेट्रॉइटनं चौथ्या फेरीपासून पुढे घेतलेलं प्रत्येक नाव त्यात लिहीन. पाच वर्षांनी उघडू, आणि मोजू.

मी : लिही. पण पाच वर्षं नाही. हेलेबक 2012 ला निवडला गेला, पहिला वेझिना 2020 ला. पाच वर्षांनी वही उघडली असतीस तर काय लिहिलं असतंस?

भाचा : बरं, सात.

मी : बचावपटू आणि आघाडीच्या मुलांना सात. गोलरक्षकांना नऊ.

भाचा : नऊ फार होतात. आठ.

मी : आठ. आणि जी मुलं डेट्रॉइटला पोचणार नाहीत त्यांच्यापुढे फुली मारायची नाही. स्वीडनमध्ये खेळतो, जर्मनीत खेळतो, प्रशिक्षक झाला, इंजिनिअर झाला, जे असेल ते लिहायचं.

भाचा : ते शोधायचं कोणी?

मी : मी शोधीन. तू रकाने आख.